दुकानाच्या व्यवस्थापकाचा दिवस : कुलूप उघडण्यापासून कुलूप लावेपर्यंत

किरकोळ विक्रीच्या दुकानात नव्याने व्यवस्थापक झालेल्या व्यक्तीला पहिल्या महिन्यात सर्वांत जास्त काय छळते, असे मला कोणी विचारले, तर कामाचा व्याप किंवा गिऱ्हाइकांचा राग हे माझे उत्तर नसेल. संगणकात दिसणारे दुकान आणि डोळ्यांसमोरचे दुकान यांचा मेळ बसत नाही, हे खरे दुखणे आहे. नोंदीप्रमाणे एखाद्या साबणाच्या अकरा वड्या शिल्लक असतात आणि फळी रिकामी असते. फळीवरच्या चिठ्ठीत एक किंमत असते आणि बिलात दुसरीच उमटते. पाळीपत्रकावर पाच नावे असतात आणि विक्रीच्या जागेत तिघेच दिसतात. व्यवस्थापकाच्या दिवसातली बहुतेक कामे ही तफावत शोधण्याची, तिचे कारण समजून घेण्याची आणि शक्यतो त्याच दिवशी ती मिटवण्याची असतात. दिवसभरातले टप्पे पुढे त्याच दृष्टीने मांडले आहेत.

दार उघडण्याआधी

दुकान उघडण्याच्या किमान पाऊण तास आधी पोहोचावे आणि कार्यालयात न जाता आधी संपूर्ण दुकानात एक फेरी मारावी. ही फेरी ग्राहक ज्या दारातून येतो त्याच दारातून सुरू करावी, कारण मागच्या दाराने आत येणाऱ्याला दर्शनी भागातला बंद पडलेला दिवा किंवा काचेवरची धूळ महिनोन्‌महिने दिसत नाही. कुलपे रात्री लावली तशीच आहेत ना, जमीन कोरडी आहे ना आणि संकटकाळी बाहेर पडण्याचा मार्ग मोकळा आहे ना, हे पाहून घ्यावे. त्या मार्गात ‘तात्पुरती’ ठेवलेली खोकी ही माझ्या अनुभवात सर्वांत चिवट सवय आहे. ती खोकी कोणाची आहेत याची चौकशी करत न बसता आधी हलवावीत आणि चौकशी नंतर करावी.

नाशवंत माल असेल तर थंड कपाटांचे तापमान नोंदवहीत लिहावे. थंड ठेवायचा खाद्यमाल साधारणपणे ५ अंश सेल्सिअस किंवा त्याखाली आणि गोठवलेला माल उणे १८ अंश किंवा त्याखाली असणे अपेक्षित असते, कारण ५ ते ६० अंशांच्या दरम्यान जिवाणू झपाट्याने वाढतात. येथेही तफावत लपलेली असतेच. कपाटाच्या दर्शनी आकड्यात यंत्रातल्या संवेदकाजवळच्या हवेचे तापमान दिसते, तर वरच्या फळीच्या पुढच्या कडेला ठेवलेल्या मालाचे तापमान त्याहून जास्त असू शकते. म्हणून एक वेगळा तापमापक मालाजवळ ठेवून दोन्ही आकडे ताडून पाहावेत.

त्यानंतर वीस वस्तू निवडून त्यांच्या फळीवरच्या किमती आणि बिलात येणाऱ्या किमती तपासाव्यात. या वस्तू डोळे मिटून निवडू नयेत. काल रात्री ज्यांची सवलत संपली, ज्यांचा भाव या आठवड्यात बदलला आणि ज्या एकाहून अधिक ठिकाणी मांडल्या आहेत, अशाच वस्तू घ्याव्यात. किमतीच्या चुका बहुतेक तेथेच सापडतात. दुसऱ्या ठिकाणच्या मांडणीवरची जुनी चिठ्ठी काढायची राहते आणि दुपारी काउंटरवर वाद होतो, तेव्हा दोष बिल करणाऱ्याच्या माथी येतो, प्रत्यक्षात तो सकाळच्या फेरीचा असतो.

शेवटी गल्ल्यात सुट्ट्या पैशांची ठरलेली रक्कम ठेवावी. ही रक्कम रोज तीच असावी आणि ती दोन व्यक्तींनी वेगवेगळी मोजून सही करावी. सुरुवातीची रक्कमच संशयास्पद असेल, तर रात्रीच्या हिशेबाला काही अर्थ उरत नाही.

कर्मचाऱ्यांबरोबरची दहा मिनिटे

दार उघडण्यापूर्वीची बैठक दहा मिनिटांपेक्षा लांबवू नये आणि ती उभ्यानेच घ्यावी. कालची विक्री, आज येणारा माल, संपलेल्या वस्तू, बदललेले भाव आणि कोणी कोठे थांबायचे, एवढे सांगून झाले की ऐकून घ्यावे. काल कोणत्या वस्तूची विचारणा झाली आणि ती नव्हती, हा प्रश्न रोज विचारावा. न झालेली विक्री कोणत्याही अहवालात येत नाही, ती फक्त काउंटरवरच्या माणसाला आठवत असते आणि तीसुद्धा दुसऱ्या दिवसापर्यंतच. एखाद्याची चूक या बैठकीत सर्वांसमोर काढू नये. ती त्याच दिवशी, पण बाजूला घेऊन आणि नेमक्या प्रसंगाचा उल्लेख करून सांगावी. ‘तुमचे लक्ष नसते’ या वाक्याने काहीही सुधारत नाही. ‘काल चार वाजता आलेल्या मालाची नोंद राहिली’ या वाक्याने सुधारू शकते.

माल उतरवून घेताना

पुरवठादाराची गाडी नेमकी गर्दीच्या वेळी येते आणि चालकाला घाई असते, हे गृहीत धरावे. तरीही तीन गोष्टी एकमेकींशी जुळल्याशिवाय सही करू नये : आपण दिलेली मागणी, गाडीबरोबर आलेले चलन आणि समोर उतरलेला माल. पुष्कळ ठिकाणी फक्त चलन आणि माल ताडून पाहिला जातो. मग न मागवलेला माल बरोबर संख्येने घेतला जातो आणि तो पुढे सहा महिने गोदामात पडून राहतो. माल कमी असेल, खोके ओले किंवा फाटलेले असेल, तर ते चलनाच्या दोन्ही प्रतींवर लिहून चालकाची सही घ्यावी. गाडी गेल्यानंतर केलेल्या तक्रारीला फारसे वजन राहत नाही.

मुदतीच्या मालाची तारीख उतरवतानाच पाहावी. नव्या मालाची मुदत फळीवरच्या मालाआधी संपत असेल, तर तो परत करण्याची वेळ हीच असते. फळीवर मांडताना, जो माल आधी आला तो पुढे, असा नियम न लावता ज्याची मुदत आधी संपते तो पुढे, असा नियम लावावा. हे दोन्ही नियम बहुतेक वेळा एकच उत्तर देतात, पण ज्या वेळी देत नाहीत त्या वेळी माल फेकावा लागतो.

नोंद करताना होणारी सर्वांत महागडी चूक मापाची असते. चोवीस नगांचे एक खोके ‘एक’ म्हणून नोंदले गेले, तर संगणकाच्या दृष्टीने तेवीस नग जन्मालाच आले नाहीत. ते विकले जाताना शिल्लक उणे दिसू लागते. उलट, चोवीस खोकी मागवायची असताना चोवीस नगांची मागणी गेली, तर फळी दुसऱ्याच दिवशी रिकामी होते. म्हणून उणे शिल्लक दाखवणाऱ्या वस्तूंची यादी रोज काढावी. ती छोटी असते, पाच मिनिटांत वाचून होते आणि तिच्यातली जवळजवळ प्रत्येक ओळ एखाद्या नेमक्या चुकीकडे बोट दाखवते.

फळी आणि नोंद

येथे थोडे थांबणे आवश्यक आहे, कारण दुकानाची विक्री याच ठिकाणी सर्वांत जास्त गळते. पूर्वी ग्राहक काउंटरवर यादी देत असे आणि नोकर आतून माल काढून देत असे. १९१६ मध्ये अमेरिकेतील मेम्फिस शहरात क्लॅरेन्स सॉन्डर्स यांनी ‘पिगली विगली’ हे दुकान उघडले आणि ग्राहकाने स्वतः फळीवरून माल उचलण्याची पद्धत रूढ होऊ लागली. त्यामुळे विक्रेत्याचे अर्धे काम फळीकडे गेले, पण ‘संपले आहे, उद्या येईल’ हे सांगणे फळीला जमत नाही. ग्राहक रिकामी जागा पाहतो आणि न बोलता निघून जातो.

माल केव्हा मागवायचा याचे गणित सोपे आहे. रोजच्या सरासरी विक्रीला माल यायला लागणाऱ्या दिवसांनी गुणावे आणि त्यात अडीअडचणीसाठीचा साठा मिळवावा. एखादी वस्तू रोज १२ नग खपत असेल, माल यायला ४ दिवस लागत असतील आणि राखीव साठा २० नगांचा ठरवला असेल, तर शिल्लक ६८ नगांवर येताच मागणी गेली पाहिजे. आजकाल हे काम बहुतेक ठिकाणी संगणक आपोआप करतो आणि नेमकी तेथेच गोम आहे. संगणक फळी पाहत नाही, तो नोंद पाहतो.

मी नवखा असताना हातविजेऱ्यांचे सेल फळीवर सलग तीन आठवडे नव्हते. विक्रीचा अहवाल पाहून, या वस्तूला मागणीच उरलेली नाही, असा निष्कर्ष मी काढला आणि तिची जागा दुसऱ्या मालाला देण्याची तयारीही केली. एका जुन्या सहकाऱ्याने विचारले, ‘साहेब, माल आहे कोठे की तो खपेल?’ नोंदीत ७० नग शिल्लक होते. ते बहुधा आधीच चोरीला गेले होते किंवा आवकेची नोंद दोनदा झाली होती. कारण शेवटपर्यंत कळले नाही. शिल्लक ७० दिसत असल्यामुळे मागणी गेली नाही, माल नसल्यामुळे विक्री झाली नाही आणि विक्री न झाल्यामुळे शिल्लक ७०च राहिली. हे चक्र आपोआप तुटत नाही, कोणीतरी फळीसमोर जाऊन उभे राहावे लागते.

यावर दोन उपाय रोज करता येतात. पहिला म्हणजे, शिल्लक दिसते पण काही दिवसांत एकही नग विकला गेला नाही, अशा वस्तूंची यादी काढून त्या प्रत्यक्ष शोधणे. ‘काही दिवस’ म्हणजे किती, हे वस्तूच्या नेहमीच्या खपावरून ठरवावे. रोज खपणाऱ्या वस्तूसाठी दोन दिवससुद्धा पुरेसे असतात. दुसरा म्हणजे, वर्षातून एकदाच संपूर्ण मोजणी करण्यावर विसंबून न राहता रोज थोड्या वस्तू मोजणे. ज्या मोजक्या वस्तूंतून विक्रीचा मोठा भाग येतो त्या दर आठवड्याला, मधल्या वस्तू महिन्याला आणि उरलेल्या तीन महिन्यांतून एकदा मोजाव्यात. मोजणाऱ्याला नोंदीतला आकडा आधी दाखवू नये, कारण अठरा असायला हवेत हे माहीत असलेल्या माणसाला सतरा नगसुद्धा अठरा दिसतात. फरक सापडला की लगेच नोंद बदलण्याचा मोह आवरावा. आधी गोदाम, दुसरी मांडणी, परत आलेल्या मालाची टोपली आणि शेजारच्या वस्तूची शिल्लक पाहावी. लिंबाच्या वासाचा साबण ५ नग कमी आणि गुलाबाच्या वासाचा ५ नग जास्त असेल, तर ती बहुधा चोरी नसून, लिंबाच्या वड्यांऐवजी गुलाबाचीच वडी पुन्हापुन्हा स्कॅन केल्याचा परिणाम असतो.

बारकोडविषयीही येथेच सांगतो. २६ जून १९७४ रोजी अमेरिकेतील ओहायो राज्यातल्या ट्रॉय या गावी च्युइंगमच्या पाकिटावरचा बारकोड दुकानात पहिल्यांदा स्कॅन झाला आणि तेव्हापासून बिलातल्या हाताच्या चुका पुष्कळ कमी झाल्या. तेरा अंकी कोडातला शेवटचा अंक आधीच्या बारा अंकांवरून काढलेला असतो : डावीकडून विषम स्थानांवरचे अंक जसेच्या तसे आणि सम स्थानांवरचे तिप्पट करून बेरीज घेतात, आणि त्या बेरजेला दहाच्या पटीत नेणारा अंक शेवटी येतो. त्यामुळे एखादा अंक चुकीचा टंकला, तर यंत्र कोड नाकारते. चुकीच्या वस्तूवर चिकटवलेला बरोबर कोड मात्र ते आनंदाने स्वीकारते.

गर्दीचा अंदाज आणि पाळ्या

पाळीपत्रक सवयीने लिहू नये, बिलांच्या संख्येवरून लिहावे. मागील चार आठवड्यांत प्रत्येक वारी प्रत्येक तासाला किती बिले झाली, हे काढणे अवघड नसते. समजा, संध्याकाळी सहा ते सात या वेळेत ४८ बिले होतात आणि एका बिलाला सरासरी ३ मिनिटे लागतात, तर त्या तासात १४४ मिनिटांचे काम आहे, म्हणजे २.४ काउंटर, अर्थात तीन काउंटर चालू हवेत. दोन ठेवले तर रांग वाढतच जाईल आणि ती सात वाजता आपोआप विरघळणार नाही. जागा असेल तर सर्व काउंटरांसाठी एकच रांग ठेवावी. काम तेवढेच होते, पण एका अडलेल्या बिलामुळे कोणा एका रांगेचे नशीब फुटत नाही आणि ‘माझ्यामागून आलेला आधी गेला’ ही तक्रार संपते.

गर्दी आणि विक्री यांचे नाते पाहताना तीन आकडे वेगळे ठेवावेत : किती माणसे आत आली, त्यांपैकी किती टक्के जणांनी खरेदी केली आणि सरासरी बिल किती झाले. या तिन्हींचा गुणाकार म्हणजे विक्री. ४०० माणसे येऊन १०० बिले झाली, तर प्रमाण २५ टक्के आहे. दुपारी एक ते तीनच्या दरम्यान माणसे तेवढीच येत असताना हे प्रमाण घसरत असेल, तर बहुतेक वेळा कारण बाजारात नसते. आपले अर्धे कर्मचारी त्या वेळी जेवायला गेलेले असतात. सुट्ट्या आणि जेवणाच्या वेळा ठरवताना सर्वांना समान न्याय द्यावा, आणि मुख्य म्हणजे पाळीपत्रक किमान एक आठवडा आधी लावावे. ऐन वेळी बदललेल्या पाळ्या हे चांगली माणसे सोडून जाण्याचे मोठे कारण असते.

तक्रार घेऊन आलेला ग्राहक

तक्रार पूर्ण ऐकून घ्यावी, मधेच नियम सांगू नये. ऐकून झाल्यावर ती आपल्या शब्दांत एकदा परत सांगावी. आपण ऐकले आहे हे कळताच बहुतेकांचा आवाज खाली येतो. मग काय करता येईल आणि किती वेळात, हे सांगावे. फळीवर कमी किंमत लिहिलेली असेल, तर चूक आपली आहे, वाद घालू नये आणि ती चिठ्ठी स्वतः जाऊन काढावी. काउंटरवरच्या कर्मचाऱ्याने नियमानुसार नकार दिला असेल आणि तरीही आपण सवलत देणार असू, तर ती त्याच्याच हातून द्यावी. व्यवस्थापकाने मोठेपणा घेऊन सवलत दिली की दुसऱ्या दिवसापासून प्रत्येक ग्राहक त्या कर्मचाऱ्याला ओलांडून थेट व्यवस्थापकाला बोलावतो.

घट कशी मोजावी

सुरुवातीचा साठा आणि आलेला माल यांच्या बेरजेतून झालेली विक्री आणि भावातली कपात वजा केली की पुस्तकी साठा मिळतो, आणि त्यातून प्रत्यक्ष मोजलेला साठा वजा केला की घट मिळते. हे सर्व आकडे एकाच भावाने, म्हणजे विक्रीच्या किमतीने धरावेत, नाहीतर वजाबाकी खोटी ठरते. घटीचा अर्थ चोरी असा लगेच लावू नये. ग्राहकांची चोरी, कर्मचाऱ्यांची चोरी, पुरवठादाराकडून आलेला कमी माल, नोंदीच्या चुका आणि न लिहिता फेकलेला खराब माल, अशी पाच कारणे असतात, आणि शेवटची दोन आपल्याच हातात असतात. खराब माल फेकण्यापूर्वी त्याची नोंद झालीच पाहिजे, मग तो एक नग का असेना.

घटीचे गांभीर्य कर्मचाऱ्यांना समजावताना टक्केवारीपेक्षा एक उदाहरण उपयोगी पडते. दुकानाला विक्रीवर निव्वळ २ टक्के उरत असतील, तर १००ची वस्तू गहाळ झाल्यावर ते नुकसान भरून काढण्यासाठी ५,०००ची जादा विक्री करावी लागते. याच ओघात एक नेहमीचा गैरसमजही दूर करावा : १००ला घेतलेली वस्तू १२५ला विकली, तर खरेदीवर २५ टक्के चढवले, पण विक्रीवर नफा २० टक्केच झाला. सवलत विक्रीच्या किमतीवर दिली जाते, म्हणून २५ टक्के सवलत देऊन ‘बरोबरीत सुटू’ असे समजणारा तोट्यात जातो.

गल्ला मिटवताना

पैशांची गळती ही दुकानदारीची जुनी चिंता आहे. १८७९ मध्ये अमेरिकेतील डेटन येथे जेम्स रिटी यांनी गल्ल्याचे पहिले यंत्र बनवले, तेही नोकरांच्या हातून होणारी उचल थांबवण्यासाठीच. यंत्रे बदलली, पण पद्धत तीच राहिली : किती आले असले पाहिजेत आणि किती आहेत, हे दोन आकडे दोन वेगळ्या मार्गांनी काढायचे. म्हणून रोकड मोजणाऱ्याला यंत्रातली अपेक्षित रक्कम आधी कळू देऊ नये. दिवसभरात गल्ल्यात फार रक्कम साचू न देता ती वेळोवेळी तिजोरीत हलवावी आणि प्रत्येक वेळी दोघांच्या सह्या घ्याव्यात.

फरक आला तर घाबरून पुन्हापुन्हा मोजत बसण्याआधी तो आकडा नीट पाहावा. फरकाला ९ने पूर्ण भाग जात असेल, तर लिहिताना दोन अंकांची अदलाबदल झाली असण्याची शक्यता मोठी असते. ५४० ऐवजी ४५० लिहिले की फरक ९० येतो. फरक नेमका एखाद्या बिलाच्या रकमेएवढा असेल, तर कार्डाने झालेला व्यवहार रोखीत नोंदला गेला का, ते पाहावे. तरीही उलगडा झाला नाही, तर फरक आहे तसा लिहून ठेवावा. जास्त आलेली रक्कम बाजूला ठेवून उद्याच्या तुटीत घालण्याची युक्ती कितीही निरुपद्रवी वाटली, तरी ती ताबडतोब थांबवावी, कारण तिच्यामुळे दोन्ही दिवसांचे हिशेब खोटे होतात आणि जास्तीची रक्कम म्हणजे बहुधा एखाद्या ग्राहकाला कमी दिलेले सुट्टे असतात. एका दिवसाच्या फरकावरून कोणावर संशय घेऊ नये. तारीख, काउंटर आणि पाळी यांसह महिनाभराचे फरक एका कागदावर मांडले, की योगायोग आणि सवय यांतला भेद दिसतो. पाळी संपताना, ग्राहक समोर नसताना झालेले परतावे आणि रद्द केलेली बिले त्याच कागदावर लिहावीत.

जाण्यापूर्वी सकाळचीच फेरी उलट दिशेने मारावी : कपड्यांच्या बदलखोल्या, स्वच्छतागृहे आणि गोदाम रिकामे आहे ना, थंड कपाटांची दारे लागली आहेत ना, मागचे दार आतून बंद आहे ना. मग उद्या सकाळी येणाऱ्या सहकाऱ्यासाठी अर्ध्या पानाची नोंद लिहावी. आज काय विकले ते अहवालात मिळते, म्हणून ते लिहू नये. अर्धवट राहिलेले काम, पुरवठादाराने दिलेला शब्द, उद्या परत येणार असलेला ग्राहक, सकाळी बदलायच्या चिठ्ठ्या आणि न उलगडलेला फरक, एवढेच लिहावे. नोंदीखाली सही आणि वेळ घालावी, दिवे मालवावेत आणि कुलूप लावल्यावर ते एकदा ओढून पाहावे.